बारामतीच्या मातीवर बेल्जियमचे टायर

आमच्या बारामती तालुक्याचे सरळ दोन भाग पडतात. नीरा डाव्या कालव्याचं पाणी जिथवर पोचलं तो बागायत पट्टा: काळी जमीन, ऊस, साखर कारखाने. कालव्याच्या वरच्या अंगाला, मोरगाव-सुप्याकडे, तो जिरायत पट्टा: माळ, मुरूम, बाजरी-ज्वारी आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं. मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुन्याची पिशवी उघडली की चिठ्ठी न वाचताही ती कुठल्या बाजूची ते बहुतेक वेळा कळतं. सायकलही याच दोन भागांतून चालवते, आणि ती सायक्लोक्रॉसची आहे. त्यामुळे "टायर कुठले घेऊ?" असं कोणी विचारलं की मी आधी "राहायला कुठे?" असं विचारते. लोकांना वाटतं मी विषय बदलतेय.

सायक्लोक्रॉस म्हणजे काय ते आधी थोडक्यात. युरोपात रस्त्यावरच्या शर्यतींचा हंगाम संपला की हिवाळ्यात शेतातून, जंगलातून, चिखलातून सायकल पळवायची, आणि चालवता येत नाही तिथे खांद्यावर घेऊन धावायचं, असा हा खेळ. पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसला झाली आणि ती ज्याँ रोबिकनं जिंकली, म्हणजे १९४७चा टूर द फ्रान्सचा विजेता. आज या खेळाचं माहेरघर बेल्जियम आणि नेदरलँड्स. कोकसेड नावाच्या गावी समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून शर्यत असते, नामूरला किल्ल्याच्या उतारावर चिखलात. नेदरलँड्सचा जगज्जेता मथ्यू व्हॅन डर पूल तिथे वाळूतून सायकल नेतो ते व्हिडिओ बघितले की आपण सायकल चालवतो असं म्हणायला लाज वाटते.

आता मुद्द्याचं. या स्पर्धांमध्ये टायरची रुंदी ३३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. पंच चाकाला मापाची पट्टी लावून बघतात. म्हणून बाजारात 'सायक्लोक्रॉस' म्हणून जे टायर मिळतात त्यातले बरेचसे ३३चे असतात. सुप्याच्या माळावर कोणी पट्टी घेऊन उभं नसतं. तेव्हा फ्रेममध्ये बसत असेल तर आपल्याला ३५ किंवा ३८चा घ्यायला कोणाची हरकत नाही. ज्यांना आज नवी सायकल घ्यायची आहे त्यांनी ४०-४५चा टायर बसणारी ग्रॅव्हल (खडीच्या रस्त्यांसाठीची) सायकल घ्यावी आणि हा लेख इथेच सोडून द्यावा. माझी सायकल पुण्यातल्या एकांकडून घेतलेली जुनी आहे, अॅल्युमिनियमची. मागच्या चाकाजवळ, पेडलच्या अंगाला, फ्रेमच्या दोन नळ्यांमध्ये ३७ बसतो, त्यापुढे नाही. 'बसतो' याचा अर्थ दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर मोकळे राहतात. चाक फिरलं म्हणजे बसला असं धरून चालणारे लोक आहेत. त्यांच्या फ्रेमचा रंग आतून खरवडलेला असतो.

सायकलबरोबर जे टायर आले ते अस्सल चिखलाचे होते. उंच, एकमेकांपासून लांब लांब बटनं. आपल्याकडे मोटरसायकलवाले ज्याला बटन टायर म्हणतात तेच, बारीक अंगाचं. बेल्जियमच्या ओल्या गवताळ जमिनीत ही बटनं आत रुततात, पकड घेतात, आणि चाक फिरताना मधल्या मोकळ्या जागेतली माती बाहेर फेकली जाते. आमच्या भिगवण रोडच्या डांबरावर ती नुसती घूंऽऽ असा आवाज करत फिरायची. प्रत्येक बटन जमिनीला टेकलं की वाकतं, सुटलं की सरळ होतं, आणि त्या वाकण्या-सरळ होण्यात तुमच्या पायातली ताकद रबर गरम करण्यात जाते. वळणावर तर सायकल तिरकी केली की कडेची बटनं वाकायची आणि चाक एक बोटभर सरकल्यासारखं व्हायचं. मुरमावर काही फायदा व्हावा, तर तोही नाही. कारण आमचा मुरूम मऊ नाहीच. खाली कडक थर आणि वर सुटी बारीक खडी. बटन रुतायला आत जागाच नाही, ते खडीवर तरंगतं आणि घसरतं.

इथूनच मी टायरच्या नक्षीकडे मातीच्या नजरेनं बघायला लागले. सायक्लोक्रॉसच्या टायरची नक्षी ढोबळमानानं तीन प्रकारची. एक, वर सांगितलेली चिखलाची. दुसरी मधली, सर्व हवामानाची, म्हणजे मध्यभागी बाणाच्या टोकासारखी जवळजवळ बसवलेली छोटी बटनं आणि कडेला जरा मोठी. चॅलेंज कंपनीचा ग्रिफो हा यातला जुना आणि नावाजलेला. तिसरी कोरड्या जमिनीची, मध्यभागी कानशीसारखी बारीक नक्षी, जवळपास सपाटच, आणि फक्त कडेला बटनं. श्वाल्बेचा सॅमी स्लिक, कॉन्टिनेन्टलचा सायक्लोक्रॉस स्पीड हे या घराण्यातले. व्हिट्टोरियाचा टेरेनो ड्राय पण त्यातलाच, त्याच्या मध्यभागी माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असते. (क्लेमेंट नावाची एक कंपनी आपल्या टायरना विमानतळांची सांकेतिक अक्षरं द्यायची. एमएक्सपी म्हणजे मिलान, पीडीएक्स म्हणजे पोर्टलंड, एलएएस म्हणजे लास व्हेगस. लास व्हेगस अर्थातच कोरड्या जमिनीचा टायर. पुढे कंपनीचं नाव डोनली झालं. त्यांनी बारामतीचा विमानतळ घेतला असता तर काय नक्षी काढली असती, हा विचार मी कालव्यावरून जाताना केलेला आहे.)

जिरायत भागासाठी, मुरूम-डांबर-मुरूम अशा रस्त्यासाठी, ही तिसरी नक्षी मला निर्विवाद पटलेली आहे. सरळ चालताना डांबरावर मधला सपाट पट्टा टेकतो, आवाज नाही, ओढ नाही. वळताना किंवा खडीत चाक थोडं रुतलं की कडेची बटनं कामाला लागतात. लोणी भापकरला पुष्करणी बघायला जायचं, तिथून मोरगाव, मोरगावहून सुप्याकडे आणि मग आडवाटेनं माळ कापत घरी, असा माझा आवडता फेरा आहे. त्यातला अर्ध्याहून जास्त रस्ता डांबरी आहे. लोक निवड करताना फक्त अवघड तुकड्याचा विचार करतात आणि त्यासाठी उरलेला सगळा रस्ता बटनं ओढत बसतात.

पुढच्या चाकाला मात्र मी दुसऱ्या प्रकारची, ग्रिफोसारखी नक्षी ठेवते. मागचं चाक घसरलं तर सायकल शेपूट हलवते आणि सावरते. पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही, कोपर सोलवटतं. शिवाय वजनाचा साठ टक्के भाग मागच्या चाकावर असतो, त्यामुळे रस्त्यावरची ओढ मागच्या टायरवर जास्त अवलंबून. म्हणून पुढे पकड, मागे वेग.

आता काळी जमीन. इथे टायर विकणाऱ्यांचं आणि माझं पटत नाही.

पावसाळा आला की सायकलवाले चिखलाचे टायर शोधायला लागतात. तर्क बरोबर वाटतो. पण चिखल आणि चिखल यात फरक आहे. आमच्या काळ्या जमिनीत चिकणमातीचं प्रमाण चाळीस ते साठ टक्के असतं, आणि ती चिकणमाती पाणी पिऊन फुगणाऱ्या जातीची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ती हीच. ओली झाली की ती पुरणपोळीच्या सैल कणकेसारखी जे दिसेल त्याला धरते. बटनांच्या मधल्या मोकळ्या जागेतून ती बाहेर फेकली जात नाही, तिथेच बसते. चाकाच्या एकेका फेऱ्याबरोबर थर वाढतो, मग तो पुढच्या फोर्कच्या खांद्याला लागतो, ब्रेकमध्ये जातो, आणि पन्नास-साठ पावलांत चाक फिरायचं थांबतं. उंच बटनांच्या टायरला उलट जास्त माती धरायला जागा. या जमिनीत ओल्यात कुठलाही टायर चालत नाही. त्यातल्या त्यात अरुंद आणि गुळगुळीत बरा, कारण फोर्क आणि टायरमध्ये मोकळी जागा जास्त राहते.

ओळखायचं कसं? आम्ही प्रयोगशाळेत, आणि शिवारातही, एक हाताची परीक्षा करतो. चिमूटभर माती घ्यायची, पाण्याचे थेंब घालून मळायची, आणि अंगठा-तर्जनीमध्ये दाबत दाबत फीत काढायची. फीत निघतच नाही, माती विस्कटते, तर वाळूसर. दोन-अडीच सेंटिमीटरवर तुटली तर पोयट्याची. पाच सेंटिमीटरच्या पुढे न तुटता लोंबत राहिली तर भारी काळी. तुमच्या नेहमीच्या कच्च्या रस्त्यावर ही परीक्षा एकदा करून बघा. पाण्याची बाटली सायकलला असतेच. फीत पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली तर त्या वाटेनं पावसात जायचं नाही, टायर कुठलाही असो. विस्कटली तर पावसातही मजेत जा, मधल्या नक्षीचा टायर उत्तम चालेल.

आणि काळ्या जमिनीला तिचा वेळ द्यावा लागतो. वाफसा म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पाऊस थांबून पाणी मुरलेलं, माती ओलसर पण हाताला न चिकटणारी, औताला योग्य. ज्या दिवशी शेजारच्या रानात ट्रॅक्टर घुसला त्या दिवशी शिवाररस्त्यावर सायकल घाला. खालची माती घट्ट, वरून किंचित मऊ, टायरला अशी धरते की वळणावर विश्वास बसत नाही. धूळ नाही, खडखड नाही. वर्षातल्या अशा थोड्याच सकाळी मिळतात, पण त्या दिवशी कानशीच्या नक्षीचा टायरसुद्धा एखाद्या महागड्या टायरसारखा वागतो. पंधरा दिवस ऊन पडलं की तीच वाट ढेकळांची होते आणि दात वाजतात.

ऊसतोडीचा हंगाम हा आणखी एक ऋतू धरायला हवा. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टर ओल्या रानातून थेट डांबरावर येतात आणि चाकाची माती रस्त्यावर सांडत जातात. वाळलेली असली तर नुसती खडबड. पहाटे दवानं ओली झाली की मात्र डांबरावर साबण. त्यात पाचट पडलेलं. यावर नक्षीचा काही उपयोग नाही. ब्रेक न लावता, हँडल सरळ धरून, पाय चालते ठेवून पार करायचं.

खरेदी करतानाचा एक गोंधळ सांगितलाच पाहिजे, कारण तो दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मला फोन करून विचारतं. आपल्या मोठ्या काळ्या सायकलला, दूधवाल्यांच्या आणि पोस्टमनच्या, जो अठ्ठावीस इंची टायर येतो तो २८ बाय दीड. त्याची रिम ६३५ मिलिमीटर व्यासाची. सायक्लोक्रॉसच्या ७००सी चाकाची रिम ६२२. यालाही काही ठिकाणी अठ्ठावीस म्हणतात! दुकानदार प्रामाणिकपणे अठ्ठावीसचा टायर काढून देतो आणि तो तुमच्या रिमवर सैल लटकतो. इंच विसरा, टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ३५-६२२ असे आकडे असतात ते बघा. पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा. २९ इंची माउंटन बाइकची रिमही ६२२च असते, त्यामुळे अडचणीच्या वेळी तिची अरुंदातली ट्यूब चालून जाते. मात्र व्हॉल्व्ह बघून घ्या. आपल्या रिमला प्रेस्टा, म्हणजे बारीक, व्हॉल्व्हसाठी साडेसहा मिलिमीटरचं भोक असतं. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असलेली ट्यूब त्यातून जातच नाही, त्याला साडेआठचं लागतं.

प्रेस्टावरून आठवलं. स्टँडजवळच्या पंक्चरवाल्या मामांनी पहिल्यांदा तो बारीक व्हॉल्व्ह बघितला तेव्हा "मॅडम, ह्याची वालट्यूब कुठंय?" असं विचारलं होतं. मग मी पितळी अॅडॅप्टर लावून दाखवला. तेव्हापासून एक त्यांच्या गल्ल्यात ठेवलेला आहे, मी विसरले तर म्हणून. कॉम्प्रेसरनं हवा भरायला मात्र मी कोणालाच देत नाही. टाकीतला सगळा दाब या एवढ्याशा ट्यूबमध्ये दोन सेकंदांत जातो. मामा एकदा गेज बघून म्हणाले, "एवढ्या बारक्या टायरात एवढी हवा? सायकल हाय का बॉम्ब?" आणि मी किती कमी हवा भरते ते मला रस्त्यावरच्या सायकलवाल्यांना पटवून द्यावं लागतं!

हवेबद्दल. टायरच्या किमतीत लोक जेवढा जीव काढतात त्याच्या निम्मा विचार हवेचा केला तर बरं होईल. मी अठ्ठावन्न किलोची, सायकल अकरा, पाणी-पिशवी धरून एकूण बहात्तर. ३५च्या टायरमध्ये, आत ट्यूब, नुसता डांबरी रस्ता असेल तर मागे ४८ आणि पुढे ४२ पीएसआय (गेजवर दिसणारं हवेच्या दाबाचं माप). माळावर जायचं असेल तर मागे ३६, पुढे ३२. हिशेब साधा आहे. मागच्या चाकावर सुमारे ४३ किलो. त्याला दाबानं भागलं की टायर जमिनीला किती टेकतो ते ढोबळमानानं निघतं. ४८ला साधारण १३ चौरस सेंटिमीटर, ३६ला १७. म्हणजे एक पैसा खर्च न करता टेकणारा भाग एक तृतीयांशानं वाढला. शिवाय टायर खडीभोवती दबतो, प्रत्येक दगडावर तुम्हाला सायकलसकट उचलत नाही. अंग कमी ठेचलं जातं, आणि माळावर वेगही वाढतो. रस्त्यावरची सवय असलेल्यांना हे पटत नाही, त्यांना टणक म्हणजे वेगवान वाटतं. गुळगुळीत डांबरावर ते काही अंशी खरंही आहे.

कमी हवेला सीमा आहे. ट्यूब असेल तर दगडावर किंवा खड्ड्याच्या कडेवर टायर पार दबून रिमला लागतो, मध्ये ट्यूब चेमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. मामा त्याला 'डबल पंक्चर' म्हणतात आणि पैसेही डबल घेतात. माझ्या वजनाला ३५च्या टायरमध्ये तीसच्या खाली हे सुरू होतं. ऐंशी किलोच्या माणसानं माझे आकडे उचलू नयेत, आठ-दहा पीएसआय वर धरावेत आणि तिथून दर खेपेला दोन-दोन कमी करत बघावं. स्पर्धेतले लोक रिमला चिकटवलेल्या टायरवर पंचवीसच्याही खाली जातात, ते जगच वेगळं.

हवेनंतर काटे. बाभळीच्या काट्यांबद्दल युरोपातल्या टायर-चर्चेत सहसा ओळ नसते, त्यांच्याकडे आपल्यासारखी बाभूळ नाही.

आमच्याकडे गावठी बाभूळ आहे, कालव्याच्या आणि उजनीच्या कडेनं पसरलेली वेडी बाभूळ आहे, बोरी आहेत, आणि पाऊस संपला की सराटे. सराट्याचं फळ वाळलं की त्याच्या पाच फोडी होतात, आणि फोड कशीही पडो, एक काटा वर असतोच. सराटा काढला की बारीक फुस्स होतं आणि विषय संपतो. बाभळीचा काटा वेगळा. तो टायरमध्ये शिरतो आणि बाहेरून मोडतो. आत दीड-दोन मिलिमीटरचं टोक राहतं, राखाडी, टायरच्या रबरात बुडालेलं, डोळ्याला अजिबात न दिसणारं. तुम्ही ट्यूब बदलता, हवा भरता, आणि पुढच्या वस्तीवर पुन्हा चाक बसतं. बोटानं चाचपलं तर कधी सापडतं, कधी बोटातच घुसतं. मामांची पद्धत अशी: कापसाचा बोळा घ्यायचा आणि टायरच्या आतून सगळीकडे हळूहळू फिरवायचा. टोक जिथे असेल तिथे कापसाचे दोन-चार तंतू अडकून राहतात. मग टायर तिथे उलटा वाकवायचा म्हणजे टोक वर येतं, आणि नेलकटरनं ओढून काढायचं. मी सायकलच्या पिशवीत प्लास्टिकच्या डबीत कापूस आणि नेलकटर ठेवते. पाने वगैरे नंतर.

वाटेवर काटे कधी जास्त असतात याचंही गणित आहे. शेतकरी कुंपणाला बाभळीच्या फांद्या ओढून नेतात तेव्हा रस्ताभर काटे सांडतात. ताज्या फरफटल्याच्या रेघा मुरमावर दिसल्या की मी उतरते आणि सायकल उचलून घेते. सायक्लोक्रॉसचा तेवढाच भाग मला बेल्जियमवाल्यांसारखा जमतो.

यावर खरा उपाय ट्यूबलेस. टायरमध्ये पातळ चिकाचं द्रव असतं, काटा निघाला की ते भोकात येऊन सुकतं. ज्यांची रिम त्यासाठी केलेली आहे त्यांनी दुसरा विचार करू नये. शिवाय ट्यूबच नाही म्हटल्यावर चेमटायला काही नाही, म्हणजे हवा आणखी कमी करता येते. त्रास एकच: ते द्रव सुकतं. पुस्तकात काही महिने लिहिलेलं असतं, पण चैत्र-वैशाखात इथे पारा चाळीसच्या वर असतो. सायकल पत्र्याच्या शेडमध्ये उभी असेल तर दीड-दोन महिन्यांत आत नुसता रबराचा पापुद्रा उरतो. माझ्या जुन्या रिमना ट्यूबलेस जमत नाही, म्हणून मी व्हॉल्व्हचा गाभा निघणारी ट्यूब घेते आणि तेच द्रव थोडं ट्यूबमध्ये सोडते. सराट्यांचा निकाल लागतो, बाभळीचे निम्मे काटेही सोसतं. पंक्चर मात्र ठिगळ लावून काढायची वेळ आली तर भोकाभोवती ते सगळं चिकट होतं आणि सोल्युशन धरत नाही. आधी पुसून, कानशीनं घासून, पूर्ण कोरडं करूनच लावायचं.

टायरच्या कापडाबद्दल फार खोलात जात नाही. एका इंचात जितके धागे जास्त तितका टायर मऊ आणि सुखद, पण बाजू नाजूक. आमच्याकडे नवा रस्ता करताना काळ्या दगडाची धारदार खडी अंथरून महिनोन् महिने तशीच ठेवतात. त्यात नाजूक बाजू कापली जाते. पन्नास-साठ धाग्यांचा, आत पंक्चररोधक पट्टा असलेला टायर घ्यावा, थोडा जड आहे तर असू दे. श्वाल्बेचा सीएक्स कॉम्प त्या जातीचा, घासघीस सोसणारा.

आता चालवण्याबद्दल एकच गोष्ट नीट सांगते, कारण आपल्या रस्त्यांवर हे टायर घेण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे: साइडपट्टी. समोरून ओव्हरटेक करत एसटी येतेय, मागून ऊसाच्या दोन ट्रॉल्या. तुम्हाला डांबर सोडून खाली उतरावंच लागतं. २५च्या टायरवर ती शिक्षा असते. ३५वर तो रस्त्याचाच एक भाग होतो. उतरणं सोपं आहे: हँडल सैल धरा, बूड किंचित उचला, ब्रेक नाही. अवघड आहे ते परत वर येणं. डांबराची कड मुरमापेक्षा तीन-चार बोटं वर असते. कडेला समांतर चालत हळूच वर घ्यायला गेलात की पुढचा टायर कडेला घासत राहतो, चढत नाही, आणि तुम्ही मात्र त्या बाजूला झुकलेले असता. पडायचं तर असंच पडतात, आणि पडतात ते रस्त्याच्या आत. घाई करायची नाही. ट्रॉल्या जाऊ द्यायच्या. मग साइडपट्टीवरच थोडं बाहेरच्या अंगाला जायचं, तिथून कडेकडे निदान पंचेचाळीस अंशात यायचं, पुढचं चाक हलकं करून वर टाकायचं, आणि अंग मागे न राहता चाकाबरोबर गेलं पाहिजे. मागचं चाक आपोआप येतं. कड उंच असेल तर सरळ थांबून उतरा, कोणी हसत नाही. कडेची बटनं इथे मदत करतात, पण कोन चुकला तर बटनंही वाचवत नाहीत.

कालव्याच्या रस्त्यावर हे काही करावं लागत नाही. तिथे फक्त म्हशी आणि पाटकऱ्याची मोटरसायकल. माळावरच्या चढाला मात्र एक लक्षात ठेवा, उभं राहून पेडल मारलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते सुट्या खडीवर जागच्या जागी फिरतं. हलका गिअर, बूड सीटवर, छाती हँडलकडे. उताराला उलट: वजन मागे, ब्रेक वळणाच्या आधी. कऱ्हेच्या पात्रात जिथे अजून वाळू उरली आहे तिथे जरा जड गिअर घालून वेगात शिरायचं आणि हँडलशी भांडायचं नाही. व्हॅन डर पूलही तेच करतो म्हणतात, फक्त त्याची सायकल पलीकडच्या काठाला पोचते.

टायर संपण्याचा क्रम माझा ठरलेला आहे. मागचा आधी झिजतो, मधली नक्षी जाऊन पार गोटा होतो, तरी कोरड्या रस्त्यावर तो पुष्कळ चालतो, त्यामुळे लगेच काढत नाही. आतलं कापड दिसायला लागलं की काढायचा. मग पुढचा मागे जातो (तेवढे दिवस मागेही ग्रिफोसारखी नक्षी चालवून घेते) आणि नवीन टायर नेहमी पुढे. गोटा झालेला टायर फेकत नाही. त्याच्या बाजूचे चार बोटांचे तुकडे कापते, कडा कानशीनं पातळ करते. खडीनं टायर फाटला तर आतून गेटर, म्हणजे अस्तर, म्हणून एक तुकडा ठेवला की घरापर्यंत येता येतं. उरलेला टायर मामा नेतात. त्याचं ते काय करतात ते परवा कळलं: त्यांच्या गावी, उंडवडीकडे, विहिरीवरच्या मोटारीच्या केबलला तो गुंडाळलेला आहे, उंदरांनी कुरतडू नये म्हणून.